रूपलीबाईची ताटली अन् कडब्याची बुरशी

…अन् ती ताटली, बरं का सीमा, बाहेर ओट्यावर खिळ्याला टांगलेली. हे आधी लिही. ताटली रूपलीबाईची. आपल्या ब्राह्मणपुरी गावात तिच्यासारखी ढोरं सांभाळणारी दुसरी नाही. पण खोकला लागला, तशी सुनेने ताटली वेगळी केली, नवी नात मांडीवर देईना. टीबी असेल म्हणे. दोनदा थुंकी तपासली, काही निघालं नाही, तरी ताटली बाहेरच.

मग ती आठ दिवस लेकीच्या गावी, खापरला, राहिली. खोकला गायब, पोटभर जेवली. घरी येऊन सकाळी ढोरांना कडबा झटकून टाकला, संध्याकाळी परत खोकला, वर ताप, छाती घट्ट. बाया म्हणाल्या, लेकीकडे धडधाकट अन् गोठ्यात आजारी, हा तर काम टाळायचा आजार. रूपलीबाईला ते टीबीपेक्षा जास्त लागलं. जन्मात तिला कोणी कामचुकार म्हटलं नव्हतं.

पण डोकं बघ तिचं. कडब्याची गंजी अवकाळी पावसात भिजलेली, आतून पांढरी बुरशी. तिने त्याच कडब्याची पेंढी पिशवीत घट्ट बांधली अन् लेकाला, गोवालला, घेऊन थेट नंदुरबार गाठलं. कंडक्टर म्हणे, मावशी, म्हैस मागच्या गाडीने येते का? डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. पिशवी उघडू नका म्हणाल्या. कडबा कधी झटकते, ताप कधी येतो, सगळं विचारलं. छातीचा फोटो काढला, रक्त तपासायला सुरतला पाठवलं.

दहा दिवसांनी कागद आला.

"मावशी, तुमच्या रक्तात या बुरशीविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फोटो अन् तुमची हकीकतही तेच सांगतात. कडबा झटकताना बुरशीची धूळ छातीत जाते, त्यानेच ताप-खोकला येतो. टीबी नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

स्टँडपासून घरापर्यंत तिने एकेका ओट्यावर थांबून कागद दाखवला. वाचता येत नाही, पण कुठली ओळ ते बोटाने बरोबर दाखवायची. घरी आल्या आल्या ताटली खिळ्यावरून काढली, घासली, सगळ्यांच्या ताटल्यांत लावली.

"मन्ही ताटली आते घरमाच ऱ्हाई," म्हणाली.

सुनेने नात तिच्या मांडीवर ठेवली.

आता कडबा गोवाल टाकतो, तोही कडक वाळवूनच रचलेला. रूपलीबाई धारा काढते, अन् आवाज तिचा तीन गल्ल्यांत ऐकू येतो.

झालं. हे लिहिलेलं उद्याच धनसिंगच्या आईला वाचून दाखव. तीही कडबा झटकला की खोकते. तिला म्हणावं, डॉक्टरकडे गेलीस की कडब्याचं सांगायला विसरू नको.