मोघम चालणार नाही

नुसतं "बरं वाटत नाही" एवढं सांगून माझ्या नणंदबाईंच्या हातून सुटलेला माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. ताई मेडिकल कोडिंग करतात. दूरदेशीच्या डॉक्टरांनी रुग्णाबद्दल जे लिहिलं असेल ते वाचायचं आणि त्या दुखण्याला ठरलेला कोड लावायचा, हे काम जळगावच्या घरी बसून चालतं. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच असतात, त्यामुळे कामाची शिस्त घरभर पसरायला आडकाठी उरलेली नाही. सांगितलं असेल तेवढंच खरं, मनचं काही धरायचं नाही, आणि मोघम तर मुळीच चालायचं नाही. पाहुणा एकदा "नको, पोट भरलं" म्हणाला की ताई भाकरीची टोपली आत नेतात. आग्रहाच्या आशेने आधी नको म्हणायची आमच्याकडची रीत, त्यामुळे त्यांच्या घरून बरेच सोयरे अर्धपोटी परतलेत. शेजारच्या नानांनी डोकेदुखीवर गोळी मागितली, तर कुठल्या बाजूला, कधीपासून, ठणकतं की जड वाटतं, हे सांगता सांगता नानांचं डोकं दुखायचं आपोआप थांबलं.

यंदा हिवाळ्यात धरणगावला, ताईंच्या माहेरी, शेतात वांग्याच्या भरताचा बेत होता. सगळे मांडी घालून बसले, सासूबाई मात्र उभ्याच. कंबर धरलीय म्हणाल्या. कंबरेच्या गोळ्या तर कधीच्या चालू होत्या. पण भरताचं जड पातेलं त्या वाकून सहज उचलत होत्या, फक्त बसत नव्हत्या. ताईंनी त्यांना विहिरीमागे नेलं, मीही गेले. नेमकं कुठे, कधीपासून, अशी सरबत्ती सुरू झाली. शेवटी सासूबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "खाले आग व्हस, माय. तुना बापसमोर डाक्टरले काय सांगू?" घाणीमुळे होत असेल म्हणून रोज जंतुनाशक घालून धूत होत्या, आणि धुतल्यावर आग आणखी वाढत होती.

दुसऱ्याच दिवशी बाई-डॉक्टर गाठली. सासरे सवयीने आत शिरायला लागले, तर ताईंनी त्यांना गाडी राखायला बसवलं. गाडीला कुलूप होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी आणि नाजूक होते, तिला सूज येते, दर वेळी जंतूच असतो असं नाही. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, साबण-जंतुनाशक बंद, कपडे सुती वापरा, मनाने मलम लावू नका, रक्तातली साखरही पाहून घेऊ. एवढं बोलून त्यांनी कागदावर 'योनिदाह' लिहिलं आणि पेन ठेवलं. ताई अस्वस्थ झाल्या. कशामुळे तेही लिहा, नाहीतर मोघम कोड लागतो, म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी हसून विचारलं, इथे कोड लावणार कोण?

"मी. मनातल्या मनात."

बाईंनी बिचाऱ्यांनी लिहून दिलं.

पुढच्या वेळी ताई आल्या तेव्हा सासूबाई मांडी घालून जेवायला बसल्या. मला इतकं बरं वाटलं, की मी ताईंचे कितीतरी छळ माफ करून टाकले. निघताना सहज विचारलं, तुम्ही कशा आहात? पायात चप्पल सरकवत त्या म्हणाल्या, "बरी आहे."

सासूबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "बरी म्हंजे काय? मी सांगी टाकं, आते तू सांग."

ताई ओट्यावर बसल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेलं आता त्यांनाच कोणी विचारत होतं. पायातली चप्पल त्यांनी काढून बाजूला ठेवली.

"संध्याकाळी होतं," मग हळूच म्हणाल्या. "दिवा लावल्यावर. हे गेल्यापासून."

सासूबाईंनी पिशवी आत नेऊन ठेवली.