बाथटब कुणाच्या वाट्याला

औंढ्याला एका दहाव्याला गेलेले आमचे आबा परत आले ते चपलाही न काढता ओसरीवर बसून राहिले. तिथे म्हणे पिंडाला कावळा शिवायची वाट बघता बघता दोन सख्खे भाऊ बापाच्या टीव्हीवरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. जवळ आलेला कावळासुद्धा घाबरून उडाला.

"माझ्या माघारी असलं न्हाई चालायचं," आबांनी आईला सांगितलं. "पोरांना बोलव. मी जिता हाय तवरच वाटण्या करतो."

रविवारी मी लोणावळ्याहून आणि ताई कुरवंड्याहून, अशी आम्ही दोघं भावंडं मळवलीला हजर झालो. वाटण्या म्हणजे अख्खा दिवस जाणार, असं धरूनच आलो होतो. पण कामाचं सगळं चहा संपायच्या आत आटोपलं. भातखाचर दोघांना निम्मं निम्मं, घर आई आहे तोवर आईचं, विम्याचे आणि बँकेचे कागद कपाटात वरच्या खणात. ताई म्हणाली बरं, मी म्हणालो बरं. झालं असं समजून मी उठलो.

"बस खाली," आबा म्हणाले. "खरी इस्टेट पडवीत हाय."

आबांनी उभा जन्म बंगल्यांची राखण करण्यात घालवला. मुंबईच्या मालकांनी बंगला नवा करायला काढला, की जुनं जे निघेल ते "घेऊन जा तुम्ही" म्हणत आबांच्या गळ्यात पडायचं. आबांना नाही म्हणता यायचं नाही. त्यामुळे आमच्या पडवीत एक गुलाबी बाथटब होता. आई त्यात तांदूळ ठेवायची. व्यायामाची एक सायकल होती, जी कुठेच जात नसे. कुठल्याशा फाटकावरचे सिमेंटचे दोन सिंह होते, त्यातल्या एकाला खालचा जबडा नव्हता. आणि एक अवाढव्य झुंबर होतं. आमचं आढं ठेंगणं, म्हणून ते जमिनीवरच चादर पांघरून बसलेलं असे. शेजारच्या एक मावशी एकदा त्याची तब्येत विचारून गेल्या होत्या.

"बाथटब कुनाला?" आबांनी विचारलं.

मी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे.

"ह्याला द्या आबा," ताई म्हणाली. "शहरात राहतो, ह्याला शोभंल."

माझ्या फ्लॅटच्या न्हाणीघरात बादली आणि मी एका वेळी जेमतेम मावतो. मी म्हणालो, "छे छे, ताई थोरली. पहिला मान तिचा."

"धाकट्याचं मन मारून मी कशी घिऊ?"

"माझं मन अजिबात मरत नाहीये. तू घे."

"तुला माझी शपथ हाय, तूच घे!"

"नाही घेतलास तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

आवाज चढत गेले. कुंपणावरून त्या मावशींनी डोकं वर काढलं. त्यांना वाटलं, ह्यांच्याकडेही पेटलं वाटतं. इकडे आबांनी टोपी काढली आणि तिनेच डोळे टिपले.

"बघितलंस?" ते आईला म्हणाले. "तितं भावाभावांनी टीव्हीपायी रान उठवलं, आन् माझी लेकरं एकमेकाला देऊन दमंनात."

एवढं झाल्यावर तोंड उघडायची सोय राहिली नाही. आई तोंडात पदर कोंबून आत गेली. तिचे खांदे हलत होते. जबडा नसलेला सिंह तरी इथेच राहू दे म्हटलं, तर ती आतूनच ओरडली, "जोडी फोडू नका हो, पाप लागंल!" पडवी रिकामी व्हायचा योग आलेला बघून तिला धर्म आठवला होता.

शेवटी बाथटब आणि सायकल ताईला, सिंह आणि झुंबर मला. तांदूळ मिळेल त्या पातेल्यात, घागरीत आणि दोन उशांच्या अभ्र्यांत गेले. दाजी त्यांचा पिकअप घेऊन आले. बाथटब हलू नये म्हणून आबा स्वतः त्यात बसले आणि दोन्ही काठ घट्ट धरून मळवलीहून कुरवंड्याला गेले. लोणावळ्यात गाडी गर्दीत अडकली तेव्हा सहलीला आलेल्या लोकांनी त्यांचे फोटो काढले. आबांनी प्रत्येकाला हात जोडून नमस्कार केला.

सिंहांना सोसायटीच्या चेअरमननी पार्किंगमध्ये ठेवायला साफ नकार दिला. पण ते पत्र लिहायला बसेपर्यंत कुणीतरी जबडा नसलेल्या सिंहाला हळदकुंकू वाहिलं. आता त्याला हलवायची त्यांची छाती होत नाही. झुंबर मी हॉलमध्ये टांगलं आहे आणि आमच्या घरात सगळे वाकून चालतात.

ताईने बाथटब गोठ्यापाशी ठेवला आणि आबांना सांगितलं, रोज वापरते. काही आठवड्यांनी ते न कळवता कुरवंड्याला थडकले, तर म्हैस त्यात मान घालून पाणी पीत होती. ताईचा चेहरा पांढरा पडला. आबा टबापाशी गेले.

"हिनं तरी वापरला," ते म्हणाले. "त्या मालकानं एक दिस बी आंघूळ केली न्हवती त्यात."

मग म्हशीला बाजूला सारून त्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला, काठावर बसून पाय धुतले, "पानी बदलत जा गं," असं ताईला बजावलं आणि चहाला आत गेले.