रिळाचा आवाज

दुरुस्तीच्या टेबलावर दोन गोष्टी हमखास उरतात. एखादा स्क्रू आणि एखादा किस्सा. स्क्रू आम्ही बरणीत टाकतो. किस्से मृणाल गावभर सांगत सुटते, आणि बहुतेक किश्शांतला गाढव मी असतो!

सदाशिव पेठेतला पाध्ये सरांचा गणिताचा क्लास रविवारी रिकामा असतो. तिथे मी आणि मृणाल लोकांच्या वस्तू फुकट दुरुस्त करून देतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर, ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. भिंतीवर मी झोकात पाटी लावली, 'काहीही फेकू नका! सगळं दुरुस्त होतं!'

दुसऱ्या रविवारी खाली सरांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती, 'कार्यकर्ते वगळून.'

*

आधी मिक्सर आणि इस्त्र्या यायच्या. मग यवतमाळचा आशिष आला. आयटीत नोकरी, सुट्टीच्या दिवशी मासेमारी. त्याने गळाच्या काठीचं रीळ टेबलावर ठेवलं. हँडल फिरवलं की दोरी गुंडाळणारं, साधं रीळ.

"हँडल उलटं फिरतच नाही ना!"

"गिअर अडकलाय," मी म्हणालो आणि लगेच उघडलं. वॉशर, स्प्रिंग, चाकं, सगळं वर्तमानपत्रावर मांडलं. तासाभराने मृणालने रिळाच्या रिकाम्या खोक्याच्या पोटाखालची एक छोटी खिट्टी बोटाने सरकवली.

"हे 'उलटं फिरू नको'चं बटण आहे वाटतं."

तेच होतं. जोडायला मला अजून तीन तास लागले!

*

तरीही आशिषने आमचं नाव त्यांच्या गळवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. रिळं येत राहिली आणि मी यूट्यूबवर तज्ज्ञ झालो. एकाच्या रिळाला मी आतून बाहेरून ग्रीस फासून दिलं. लोण्यासारखं फिरत होतं!

आत एक बेअरिंग असतं, ते हँडलला एकाच बाजूला फिरू देतं, आणि ग्रीस लागलं की ते निसटून हँडल उलटं फिरतं, हे मला त्या माणसाच्या फोनवरून कळलं.

"सर, मासा मलाच गुंडाळतोय!"

*

सुलभाताई निवृत्त बँक ऑफिसर. मासेमारीचा छंद त्यांना साठीनंतर लागला. "मोठा मासा लागला की दोरी नुसती सुटत जाते," त्या सांगायला लागल्या.

"ब्रेक गेला," मी म्हणालो, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत स्क्रू काढले.

ब्रेक ठणठणीत होता. दोरी गुळगुळीत चकरीवर नुसतीच बांधलेली, म्हणून सगळा गुंडाच आतल्या आत घसरत होता. पाध्ये सरांनी चिकटपट्टीचा एक तुकडा चकरीला चिकटवला, त्यावर दोरी गुंडाळली. काम झालं.

सुलभाताई पर्स उचलत म्हणाल्या, "आपण सर्जन झाला नाहीत ते बरं. पोट उघडून मग विचारलं असतंत, कुठे दुखतंय?"

*

त्यानंतर मृणालने फॉर्म छापला. पहिलाच प्रश्न, 'तक्रार काय? (त्यांच्याच शब्दांत लिहा.)'

मी सुधारलो. लोक दारातून आत येतायेताच मी फॉर्म भरून ठेवायला लागलो. माझ्या शब्दांत!

*

आता धोंडिबाकाका. हा किस्सा मृणाल सांगत नाही. म्हणून मलाच सांगावा लागतो.

खडकवासल्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. साखरेने दोन्ही डोळे गेले. त्यांची मुलगी सविता कामावर जाताना त्यांना पाण्याच्या काठावर बसवते, दुपारी घ्यायला येते. मधले चार तास काका गळ टाकून बसतात. कुणाचा हात न धरता करता येईल असं दिवसभरात तेवढंच उरलं होतं. हे सगळं सविताने मला आल्या आल्या सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही.

काकांनी रीळ पुढे केलं. "ह्याचा आवाज हाय ना..."

मी दोरी ओढली. बारीक किर्र वाजलं.

"समजलं काका! पुढच्या रविवारी घेऊन जा."

चकरीच्या खाली एक झिजलेली पत्र्याची जीभ होती. दोरी ओढली की ती दात्यांवर घासायची. मी ती उपटली.

"काय होतं ते?" मृणालने विचारलं.

"काही कामाचं नाही," म्हणत मी ती कचऱ्याच्या बादलीत टाकली. बादली पाटीच्या बरोब्बर खाली असते. सोमवारी मावशी कचरा घेऊन गेल्या.

रविवारी काका आले. दोरी ओढली. परत ओढली. मग रीळ कानाला लावून ओढली.

"बंद पडलं का काय?"

"बंद नाही काका, आवाज घालवला!"

काकांनी रीळ मांडीवर ठेवलं. "आवाज बारीक झालाय, वाढवून द्या, आसं म्हणायचं व्हतं मला. मासा दोरी ओढाया लागला की त्यो वाजतो. मला दुसरं कसं कळंल?"

सविता माझ्याकडे बघत नव्हती. मृणालने फॉर्म उघडला. 'तक्रार काय'समोर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नको असलेला आवाज.'



*

रीळ जुनं, त्याचा भाग दुकानात मिळेना. पत्रा कापून जीभ करतो, आठवडा द्या, म्हटलं.

"तवर काय घरात बसू?" काका म्हणाले. "उद्या सकाळी तू ये काठावर."

गेलो. त्यांनी गळ टाकला, मला शेजारी बसवलं, माझं बोट धरून दोरीवर ठेवलं.

"मासा ओढाया लागला की वाज."

"म्हणजे?"

"त्ये आधी वाजायचं तसं. आन् मधी बोलायचं न्हाई."

दोन तास मी तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा! मग बोटाखाली दोरी सर्रकन सरकली.

"किर्र," मी म्हणालो.

काका वळलेसुद्धा नाहीत. "मोठ्यानं! बारीक हाय म्हणून तर आनलं व्हतं!"