मोटरीकडे वळलेले मासे

शेततळ्याच्या काठावर माझी बायको मालती स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनला जाण्याआधी तिला माशांच्या खाण्याची सोय लावायची होती, कारण मी दिवसभर दुकानात असतो. खाद्याच्या पिंपाला बसवलेल्या मोटरीची वायर तिने टायमरमधून नेली, सकाळ-संध्याकाळच्या वेळा भरल्या आणि संध्याकाळी आम्ही दोघं बघत उभे राहिलो. टायमरचा टक्‌ असा आवाज झाला, मोटर घरघरली, पिंपातले दाणे पाण्यावर उडाले. मासा मात्र एकही आला नाही. सगळे पलीकडे पायरीपाशी गोळा झाले होते. मालती रोज तिथे डबा वाजवून त्यांना खायला घालते.

"अहो, यांना भूक लागते की माझी आठवण येते?" तिने विचारलं.

पाण्याखाली घड्याळ नसतं. मग वेळ झाली हे त्यांना कशावरून कळत असेल? उतरत्या उन्हावरून, पावलांच्या हादऱ्यावरून, की नुसत्या पोटावरून? आपल्याला तरी जेवायची वेळ कोण सांगतं?

दुसऱ्या दिवसापासून मोटर सुरू झाली की मालती तिच्या शेजारी उभी राहून डबा वाजवू लागली. मासे हळूहळू तिकडे वळले. दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी ती मुद्दाम रिकाम्या हातांनी पायरीवर थांबली. मोटर घरघरली आणि तळ्याच्या त्या टोकाला पाणी उकळल्यासारखं उसळलं.

"एकही इकडे फिरकला नाही बघा," ती हसून म्हणाली. पण बराच वेळ पायरीवरून हलली नाही.