माळेतला दोरा

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं आली. वडील ती लिहायचे, मी एसटी स्टँडवर वाटायची. पत्रकातला एकेक शब्द म्हणजे शपथ, असं मला अजून वाटतं. त्यातल्याच एका शब्दानं आमच्या गावी, बेलापुरात, मला घाम फोडला.

नगरच्या कॉलेजात एम.एस्सी.ला माझा प्रकल्प द्रव स्फटिकांवर होता. हा पदार्थ तेलासारखा वाहतो, पण आतले रेणू उसाच्या सऱ्यांसारखे एका दिशेनं लागलेले असतात. मोबाईलच्या पडद्यात तोच असतो. त्यात चमकणाऱ्या रंगाचे थोडे रेणू मिसळले की तेही पाहुण्यासारखे त्या यजमान द्रवाच्या वळणावर जातात, त्याच दिशेनं पडतात. नोटा तपासायचा जांभळा दिवा धरला की उजळतात. समोर चकाकी अडवणाऱ्या एका खास गॉगलची काच धरून फिरवली, तर तो उजेड मंदावतो, पुन्हा वाढतो. म्हणजे उजेडालाही दिशा असते. हे गावात दाखवायचंच, असं मी ठरवलं. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं: 'स्फटिकातला उजेड, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा!' 'द्रव' हा शब्द ओळीत बसेना, म्हणून मीच काढला.

शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना चादरी बांधून होतायत तोवर दारात गर्दी. बायकांच्या मुठीत स्फटिकाच्या माळा.

"आमची खरी हाय का खोटी, तेवढं बघा ताई."

हा स्फटिक वेगळा, असं घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. कुणी हललं नाही. राहात्याहून आलेली एक मावशी पुढं झाली. मागं तिची कॉलेजातली लेक, मान खाली. तिच्या गळ्यातली माळ काढून मावशीनं माझ्यापुढं धरली. लेकीला फिट यायच्या. माळ विकणाऱ्यानं सांगितलं होतं, माळ उजळली की गोळ्या बंद करा.

"नाही उजळणार, मावशी," मी म्हणाले आणि ठसक्यात दिवा माळेवर धरला.

माळ निळी लखलखली.

लोकांनी हात जोडले. मावशीचे डोळे भरून आले. "सुटली माझी पोर! आजपासनं गोळ्या बंद."

मी वाकून पाहिलं. मणी होते तसेच होते. उजळत होता तो मण्यांमधला दोरा.

"मावशी, माळ धुतली होती?"

"व्हय, काल पावडरीत चांगली खळबळून. देवाची वस्तू, तशीच आनू व्हय?"

धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरे दिसावेत म्हणून एक रसायन असतं, ते या दिव्याखाली चमकतं. हे मी पुनःपुन्हा सांगितलं, दर वेळी आवाज चढवून. 'फसवणूक' म्हणाले, 'अंधश्रद्धा' म्हणाले. मावशी माझ्याकडं कीव आल्यासारखी बघत होती.

"लई शिकली गं तू. पन डोळ्यापुढचं दिसंना तुला."

मी पुढच्या बाकावरच्या आजोबांच्या डोक्यावरची पांढरी टोपी उचलली आणि दिव्याखाली धरली. ती माळेपेक्षा जास्त उजळली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, आता तुमच्या टोपीम्होरं नारळ फोडावा लागतोय!"

हॉल हसला. मावशी हसली नाही. लेक पहिल्यांदाच बोलली, "आई, मंग आबांची टोपीच बांध माझ्या गळ्यात. दुपारची गोळी राहिलीय, दे."

मावशीनं पिशवी छातीशी धरली. "माळ सोडायची न्हाई."

"नको सोडू. गोळी दे."

लेकीनं शाळेच्या नळावर ओंजळीनं पाणी घेऊन गोळी गिळली. माळ पुन्हा गळ्यात घातली, त्याच दोऱ्यासकट.

पत्रकात मी 'माळ फेका' असंच लिहिलं असतं. तिथं तोंडाशी आलेलं गिळलं. यावरून वडिलांशी भांडण झालंय, ते म्हणतात मी माघार घेतली. घेतलीही असेल. दुपारची गोळी मी डोळ्यांनी पाहिली. रात्रीची तिला मिळाली का, हे मला माहीत नाही. राहात्याच्या स्टँडवर गाडी थांबली की मी अजून खिडकीतून तिला शोधते.