आठ मेंढ्या आणि बाबूजींची पारख

आमच्या केशोरीकडे कुणाला बैलजोडी घ्यायची असली की तो आधी बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाडीवर बसवून बाजारात नेई. बाबूजी बैलाच्या दातांवरून बोट फिरवत, त्याला चालवत, तो रवंथ करेपर्यंत शेजारी बसून राहत आणि मग एका शब्दात निकाल देत. त्यावर पुन्हा बोलायची पद्धत नव्हती. घरातही हीच वहिवाट. त्यामुळे नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीत यंत्र बसवायला सांगितलं आणि त्यांनी ‘नाही’ म्हटलं, तेव्हा मायने डोळे पुसून मला फोन लावला.

मी जनावरांची डॉक्टर. तेव्हा दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत आठ मेंढ्या सांभाळत होते. प्रयोगासाठी त्यांची हृदयं मुद्दाम अशक्त केलेली होती, आणि ही गोष्ट मला कधी पचली नाही. प्रत्येकीच्या कातडीखाली एक डबी, तिच्यातून निघालेली तार मानेतून हृदयाकडे जाणाऱ्या नसेला. त्या नसेला हलकी वीज देत राहिलं तर थकलेलं हृदय सावरतं का, एवढाच प्रश्न. चार डब्या चालू, चार बंद. कोणत्या चालू, हे आम्हा सांभाळणाऱ्यांनाही सांगत नसत, नाहीतर आपल्या मनातलंच मेंढीच्या अंगावर दिसायला लागतं. यादी बंद लिफाफ्यात होती.

बाबूजींचं हृदयही असंच थकलेलं. पाय सुजत, बांधापर्यंत जाताना दोनदा खाली बसावं लागे. तुमचं यंत्र वेगळं, माणसांत कधीचं रुळलेलं, माझ्या मेंढ्यांचं अजून परीक्षेत आहे, हे मी तीनदा समजावलं. पण वीज म्हटली की त्यांना धानाच्या बांधावरची झटका मशीनच आठवे. रानडुकरांसाठी लावलेल्या त्या तारेला एकदा त्यांचाच हात लागला होता.

"डुकराले पळवाची चीज मी छातीत कायले ठेवू?" ते म्हणाले.

मला रागच आला. माझ्या आठ मेंढ्यांना डब्या बसवल्यात, त्यातली एकही पळाली नाही, असं मी सुनावलं. जनावराचा विषय निघाला की बाबूजी ऐकतात. त्यांनी अट घातली. मेंढ्या फोनवर दाखव, कोणाची वीज चालू आणि कोणाची बंद ते मी सांगतो. आठही बरोबर आल्या तर नागपूरला जाईन, एक जरी चुकली तरी यंत्राचं नाव काढायचं नाही.

मेंढ्यांच्या शेडमध्ये फोन न्यायला मनाई होती. मी नेला. चाऱ्याच्या वेळी एकेक मेंढी कॅमेऱ्यासमोर चालवली. फिरव, पाठ दाखव, रवंथ करू दे, असं म्हणत बाबूजींनी मला पाऊण तास घुमवलं आणि एक, तीन, चार, सात या चार चालू आहेत असं जाहीर केलं. आवाजात इतकी खात्री की पुढे कितीतरी दिवस मी सात नंबरकडे कौतुकाने बघत होते.

दीड महिन्याने लिफाफा उघडला. तोवर माय रोज फोनवर पायांची सूज सांगत होती, आणि बाबूजी मेंढ्यांची खुशाली विचारत होते. यादी बघितली आणि मी कपाळाला हात लावला. त्यांनी चालू म्हटलेल्या चारही बंद होत्या. बाजारात असा निकाल दिला असता तर लोकांनी त्यांना पायी घरी पाठवलं असतं.

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. आठही बरोबर, म्हटलं. इतक्या सफाईने मी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. त्यांनी विचारलं, असं कसं झालं? मला वाटलं, बाबूजी खूश झाले.

यंत्र बसलं. चार महिन्यांत ते न बसता बांधापर्यंत जाऊ लागले. मी सुट्टीवर आले तेव्हा म्हणाले, आता मोतीबिंदूही काढून टाकू. कसला मोतीबिंदू? दोन्ही डोळ्यांत, दोन वर्षांपासून. मायलाही पत्ता नव्हता. बैल हाताने चाचपता येत होता, त्यामुळे बाजारात कुणाला शंका आली नाही.

"अन् फोनवरच्या मेंढ्या?" मी विचारलं.

"मोबाइलात तं मले नुसतं पांढरं पांढरं दिसे. नंबर असेच ठोकले. म्हटलं, आठ काही बरोबर येत नाही, सुटलो."

पण सगळे बरोबर आले म्हटल्यावर ते घाबरले होते. ही वरून आलेली आज्ञा आहे असं समजून मुकाट्याने नागपूरला गेले होते. मी ओठ चावून हसू दाबलं आणि यादीतलं खरं पोटातच ठेवलं.

एका डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी मी त्यांना चहा दिला आणि माझा कप घेऊन समोर बसले. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, माझ्या डोक्यातले पांढरे केस मोजले, मग म्हणाले, मेंढ्यांचा तो कागद आण, एकदा वाचून पाहतो.

तो प्रयोगशाळेत कुलुपात आहे, मी सांगितलं.

बाबूजींनी माझ्या कपाकडे बघितलं. "मंग तुहा हात काऊन थरथरून राहिला?"