बुक केलेल्या सीटवरचा रुमाल

रोज दापोडीहून मेट्रोनं नाशिक फाट्याला यायचं आणि तिथून मिनीबसनं चाकणची कंपनी गाठायची. हल्ली दोन्हींचं तिकीट एकाच ॲपवर निघतं, बसमधला सीट नंबरसुद्धा आधीच मिळतो. हे ॲप मला घ्यायला लावलं ते स्टॉपवरच्या एका गृहस्थांनी. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि हातात चौकड्यांचा भला मोठा रुमाल. कुणी सुटे पैसे काढले की लगेच, "ॲप घ्या राव! कुठल्या जमान्यात ऱ्हाता?" नव्या जावयाचं करावं इतकं त्या ॲपचं कौतुक.

पण बस दिसली की हेच गृहस्थ तिच्याबरोबर पळत खिडकीतून रुमाल टाकायचे, तेही स्वतःच्याच बुक केलेल्या सीटवर! मला हसू आवरायचं नाही.

एकदा मला उशीर झाला. सुटता सुटता बस पकडली. हात केला की ड्रायव्हर कुणालाही घेतो, त्यामुळे आत खच्चून गर्दी. शिफ्ट उभ्यानंच काढायची असते, निदान तिथवर तरी बसून जावं, तर आज तेही गेलं म्हटलं. पाहतो तर माझ्या रोजच्या सीटवर चौकड्यांचा रुमाल, आणि गृहस्थ दांडीला लटकलेले.

"काका, सीट बुक होती की माझी!"

"ॲपला ठावं हाय वो. ह्या लोकांना कोन सांगनार?"

त्यांच्या स्वतःच्या सीटवर एक तरुण ऐसपैस बसला होता. गृहस्थ त्याच्याकडे वाकून मोठ्या आपुलकीनं सांगत होते, "ॲप घ्या राव. सीट पक्की मिळती."